डाव्या बुटातलं फडकं

प्रिय दादा,

दौऱ्यावरून आज सकाळी परत आले. ट्रंका अजून उघडल्या नाहीत. कामगारांचे निळे सदरे, दोन साड्या, सगळ्यांचा घाम तसाच आत कोंडलाय, आणि मी त्यातल्याच एका ट्रंकेवर वही ठेवून लिहितेय. पंधरा दिवसांत सहा गावं झाली. नट टाळ्या घेतात, आम्ही कपडेवाले विंगेत सुई-दोरा घेऊन उभे. पूर्वी यात मजा वाटायची. आता वाटतं, कुणीतरी सांगावं, बस झालं, झोप.

नाटकाबद्दल मी तुला नीट कधी सांगितलंच नाही. नोकरी सुटून गावी परतलेल्या कामगाराची गोष्ट आहे. ते काम रुद्र नावाचा नट करतो, मेहनती आहे, पण शहरात वाढलेला. बाजारातून आणलेले त्याचे बूट मी दगडावर घासले, चहाच्या पाण्यात भिजवले, माती चोळली. तरी तो चालायला लागला की वाटायचं, लग्नाला निघालाय. सुदर्शन, आमचा दिग्दर्शक, रोज म्हणायचा, कपडे बोलतात पण पाय गप्प आहेत. म्हणून गेल्या दिवाळीआधी मी शिरूरच्या स्टँडवर दोन दिवस बसून नुसते माणसांचे पाय बघितले. साडीखाली कंपनीचे जाड बूट घालून बाया मेथीची जुडी निवडत होत्या. मी वहीत काढत राहिले. तिथून घरी, निमोण्याला आले, तर मला हवे होते ते बूट आपल्याच गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेले.

तुझेच, कंपनीतले. कांद्याला पाणी देताना घालायचास ते. डाव्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आत दोन बोटांच्या जागी वहिनीच्या जुन्या साडीचं फडकं. नाटकाला जुने बूट हवेत, एवढंच मी बोलले. तू म्हणालास, “ने की. पर धुऊन ने, वास मारत्यात.” मी धुतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तू बांधावरून चालला होतास, तेव्हा मागून मोबाईलवर तुझं चालणं टिपून घेतलं. टाचेवर भार, जरा थांबणं, मग पुढचं पाऊल. तेही तुला सांगितलं नाही.

ते चित्रण बघून रुद्र तालमीत ते बूट घालून तुझ्यासारखा चालला. सुदर्शननं त्यावर एक प्रसंगच बसवला. दुसऱ्या अंकात रुद्र ओट्यावर बसतो, डावा बूट काढतो, आतलं फडकं झटकतो आणि पाऊल उजेडात धरतो. त्याची दोन बोटं दुमडून कातडीच्या रंगाच्या पट्टीनं मीच बांधते. लोक श्वास रोखून बघतात. वेशभूषेचं बक्षीस मला त्या बुटांनी दिलं. हे कुठून सुचलं, असं स्टेजवर विचारलं, तेव्हा मी म्हणाले, गावाकडची माणसं. तुझं नाव ओठांवर आलं होतं. गिळलं.

कारण तू ते पाऊल कुणाला दाखवत नाहीस, हे मला ठाऊक होतं, दादा. कंपनीतल्या अपघातात तुझी दोन बोटं गेली तेव्हा मी नागपूरला प्रयोगात होते, चार दिवसांनी दवाखान्यात आले. तू पायावर चादर ओढलीस आणि विचारलंस, जेवलीस का. त्याला अकरा वर्षं झाली. वढूला आपण सगळे दर्शनाला गेलो, तेव्हा बूट काढायची वेळ आली तसा तू बाहेरच थांबलास. म्हणालास, गाडीपाशी कुणीतरी पाहिजे. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं. जे तू पोटच्या मोनालीलाही कधी दाखवलं नाहीस, ते मी तिकीट काढून आलेल्या लोकांना दाखवत राहिले. छत्तीस प्रयोग.

काल वहिनीचा फोन आला. येत्या रविवारी आमचा प्रयोग दौंडला आहे, हे तिला कळलंय. तिनं टेम्पो ठरवलाय, आळीतली सगळी येणार, तू पहिल्या रांगेत. म्हणाली, “तुमच्या दादांनी नवा सदरा शिवायला टाकलाय.” मी घाईनं फोन ठेवला आणि सुदर्शनला सगळं सांगितलं. म्हटलं, दादा नको म्हणाला तर तो प्रसंग निघेल, रुद्र बाजारचे बूट घालील. सुदर्शन चिडला, पण शेवटी हो म्हणाला. हे पाकीट मी उद्या गावी येणाऱ्या मोनालीच्या हाती बंद करून देतेय. तिला काही माहीत नाही. तुला फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘असू दे’ म्हणशील, आणि मी लगेच ते खरं धरीन. या वेळी तसं म्हणू नकोस. राग आला तर राग लिही. टेम्पोत बसावंसं वाटलं नाही, तर बसू नकोस. वहिनीला काय सांगायचं ते मी सांगेन.

उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
शितल