उपांत्य फेरी आपल्या गावात

दि. ६ जानेवारी

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

तुझ्या ऑफिसच्या संघाचा पराभव वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर अगदी तळाशी, टायरच्या जाहिरातीला खेटून छापला आहे. दोन धावांनी हरलात. तू त्रेचाळीसवर बाद. कशी बाद, हे सांगायला त्यांच्याकडे जागा उरली नव्हती. फोनवर विचारलं तर तू ठीक आहे, ठीक आहे म्हणालीस आणि जेवायला बोलावतायत म्हणून ठेवून दिलास. दुपारी चारला कोण जेवायला बोलावतं? म्हणून पत्र. पत्रात माणसाला निदान चार वाक्यं सलग लिहावी लागतात.

मी गुणतक्ता मांडून पाहिला. परिस्थिती बिकट आहे, पण हातपाय गाळण्याइतकी नाही. उरलेले दोन्ही सामने तुम्ही जिंकायचे आणि गतविजेत्यांनी एक तरी हरायचा, म्हणजे उपांत्य फेरीत तुम्ही. ती आपल्या गावच्या मैदानावर आहे हे तुला ठाऊक असेलच. तुझी खोली झाडून घेतली आहे. त्याचा सामन्याशी संबंध नाही, खोल्या अधूनमधून झाडाव्या लागतात. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गेले, त्यामुळे घर अगदी शांत झालंय. वाचायला बरं पडतं.

सविस्तर लिही. मी रागावले आहे असं समजून लिहिलंस तरी चालेल.

तुझी आत्या


दि. ११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावलेली नसतेस तेव्हाच मला जास्त भीती वाटते, म्हणून सगळं लिहिते.

आठ चेंडूंत सहा धावा हव्या होत्या. चेंडू बॅटची कड घेऊन किपरच्या हातात गेला. आवाज कुणालाच आला नाही. अंपायरने तर मान हलवून नाबाद म्हणून सांगितलंही. पण माझ्या हातांना कळलं होतं. मी चालू पडले. विचार केला असता तर थांबले असते कदाचित, पण पाय आधीच निघाले होते. आपल्या अंगणात अंपायर कधी नव्हताच ना. तू आणि मी. बाद झालेलीने आपणहून बॅट खाली ठेवायची. तीच खोड हाडात मुरली आहे.

आमच्या कोच सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं की एवढं सत्यवादी व्हायचं तर कोर्टात जाऊन साक्षी द्या, मैदानात कशाला येता. कप्तान पाठ फिरवून किट भरायला लागली, ते जास्त लागलं. माझ्या खोलीत लंबू असते, आमची वेगवान गोलंदाज. ती भिंतीकडे तोंड करून झोपते. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहते. तिथे मी आता माझं किट ठेवते, म्हणजे मीच अडवून ठेवल्यासारखं दिसतं.

पुढच्या सामन्यात मला घेतील असं वाटत नाही. आत्या, मी चुकले का? खरं सांग. समजूत काढू नकोस, ती तुला जमतही नाही.

तुझीच,
खारू


दि. १५ जानेवारी

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

चालू पडलीस त्यात चूक नाही. तो विषय संपला.

तो फटका मात्र अक्षम्य होता. आठ चेंडू शिल्लक असताना अंगालगतच्या चेंडूला कट मारायला तुला कुणी सांगितलं होतं? सरांनी खरं त्यावरून झापायला हवं होतं.

दुसरं. खरेपणाने वागलीस म्हणून लोकांनी लगेच पाठ थोपटावी अशी अपेक्षा ठेवू नकोस. त्या मुलींनीही वर्षभर घाम गाळला आहे, त्यांना रागवायचा हक्क आहे. तुला तोंड पाडून बसायचा नाही. किट वर फळीवर टाक आणि लंबूच्या शेजारी जाऊन बस. बोलली नाही तर खिडकीबाहेर बघ. कुणाच्या शेजारी गप्प बसायला मिळणं हीसुद्धा चैन असते. संघात घेतलं नाही तर पाणी ने, आणि धावत ने.

माझी प्रकृती ठणठणीत. स्वयंपाक अजून दोघींपुरता होतो. हाताला वळण पडलंय, काय करणार. उरलेलं सकाळी संपवते. गतविजेत्यांची कप्तान जायबंदी आहे असं छापून आलंय. दुसऱ्याच्या दुखापतीवर आनंद मानू नये. मी मानलेला नाही. फारसा नाही.

तुझी आत्या


दि. २७ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्या सामन्यात पाणी नेलं. धावत नेलं. जिंकलो. दुसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या जागी घेतलेल्या किपरचं बोट सुजलं, म्हणून यष्टींमागे पुन्हा मला घेतलं.

त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. लंबूच्या चेंडूवर कड लागली आणि झेल इतका खाली आला की गवताला टेकला की नाही ते अंपायरनाही दिसलं नाही. ते दोघं एकमेकांकडे बघत असतानाच त्या फलंदाज मुलीने वळून मलाच विचारलं, नीट घेतलास का. मी हो म्हटलं. बॅट काखेत मारून ती निघून गेली. आमचा हरलेला सामना तिने कठड्यापाशी उभं राहून पाहिला होता म्हणे. हे मला लंबूने सांगितलं. हो, लंबू आता बोलते. तू घोरतेस असं मी म्हटल्यावर भांडलीसुद्धा.

आम्ही जिंकलो ग. पण गतविजेतेही दोन्ही जिंकले. बसमध्ये बातमी आली, तेव्हा कप्तान माझ्या शेजारीच बसली होती. ती रडली. मला रडू येईना. मी आपल्या घराचा विचार करत होते. सगळी रजा या स्पर्धेतच संपली, सोमवारी कामावर हजर व्हायचंय. मला यायचं होतं, आत्या. फक्त सामन्यासाठी नाही.

तुझीच,
खारू


दि. ५ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अ. उ. आ.

उपांत्य सामना पाहायला गेले होते. गर्दी बेताची होती. माझ्या पुढच्या रांगेत एक कुटुंब आपल्या मुलीच्या नावाने घसा फोडत होतं. मला कोणाची बाजू घ्यावी ते ठरवता येईना. किपर पाय न हलवता नुसते हात पुढे करत होती. ते सांगायला मी शेजारी वळले, तर शेजारी कुणी नव्हतं. मध्यंतराला उठले आणि घरी आले. कुलूप काढताना लक्षात आलं की सकाळपासून मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. तिकीटसुद्धा बोट दाखवूनच घेतलं होतं.

तेव्हा शनिवारच्या गाडीने मी तुझ्याकडे येत आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. खोली लहान असेल तर असू दे, मी खाली झोपेन आणि त्यावर वाद नको. गाडी दुपारीच पोचते. रजा मागायच्या भानगडीत पडू नकोस, ऑफिस सुटलं की ये. तोवर फलाटावरच्या बाकावर बसेन. उशीर झाला तरी धावत येऊ नकोस. वाट पाहायची मला सवय आहे. आता फक्त गाव बदलेल.

बाकी भेटीत.

तुझी आत्या