आधीच केलेली खूण

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, जानेवारी २००९

कुसुमच्या कानाचं यंत्र मी मुद्दाम कॉम्प्युटरवरून मागवलं. तिनं बजावलं होतं, "अहो, गल्लीत बोभाटा नको."

आज हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि फोन वाजला. शेजारच्या वहिनींनी उचलला. "काकू, बहिरेपणासाठी आणखी एक मशीन हवंय का, विचारतायत!"

सांगितलं कुणी? यंत्राचे पैसे भरायला कॉम्प्युटरवर उघडलेल्या खात्यात पाहिलं, तर 'माझी माहिती इतरांना द्यावी' या ओळीपुढे बरोबरची खूण आधीच केलेली! खातं उघडताना मला वाटलं होतं, बिचाऱ्या कंपनीवाल्यांनी माझं काम वाचवलं. कुंपणानंच शेत खाल्लं की.

ती खूण आत्ता काढली. आता काढून काय? कुसुमला वाटतंय, मीच कुठंतरी बोललो. यंत्र काढून तिनं डबीत ठेवलंय. मघापासून सांगतोय, "अगं, मी नाही सांगितलं." तिला ऐकूच येत नाही.