न चाखता केलेल्या सोनेरी तारा

पा, तुला मराठी वाचता येत नव्हतं, तेव्हा मी निवांत लिहिते. आपल्या दोघींना धड अशी एक भाषा कधीच नव्हती. तुझं डच थाई वळणाचं, माझं सुपरमार्केटमधल्या पाट्यांपुरतं, आणि मधल्या खड्ड्यात थोडं इंग्रजी टाकून आपण पलीकडे जायचो. तरीही तुझ्या स्वयंपाकघरात मी जेवढं बोलले तेवढं सख्ख्या बहिणीशीही बोलले नसेन. आईवडिलांपेक्षा वयाने मोठ्या मावशीला किंवा आत्याला तुमच्याकडे 'पा' म्हणतात, हे तूच सांगितलंस. आमच्याकडे मावशी थोरली असो की धाकटी, मावशीच. मी तुला मावशीच म्हणणार होते, पण तो शब्द तुला तीन ठिकाणी तोडल्याशिवाय म्हणता येईना, म्हणून मग पा राहिलं.

आपली पहिली भेट मी अजून लोकांना रंगवून सांगते. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून नीउ-व्हेनेप या डच गावात येऊन मला महिनाही झाला नव्हता. जो भेटेल तो काहीतरी प्रूफ मागत होता. खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात लग्नाचं प्रूफ, बँकेत पत्त्याचं प्रूफ, जणू मी आहे यावर कुणाचा विश्वासच नव्हता. अशात दाराची बेल वाजते. बाहेर शेजारची ठेंगणी बाई, अंगात एप्रन, हातात झाकलेली बशी. माझ्याकडे बघून म्हणते, "प्रूफ." मी म्हटलं, एक मिनिट. आत गेले आणि माझं रेसिडेन्स कार्ड आणून तुझ्या हातात दिलं. तू ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलंस, फोटो माझ्या तोंडाशी ताडून पाहिलास, पसंत असल्यासारखी मान हलवलीस आणि बशी पुढे करून पुन्हा म्हणालीस, "प्रूफ, प्रूफ." संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून लोळला. डचमध्ये प्रूफ म्हणजे चाखून बघ.

बशीत खोबऱ्यात घोळवलेले पांढरे गोळे होते. आत ओलं खोबरं आणि ताडगूळ, म्हणजे आमचं मोदकाचं सारण, फक्त वेलदोडा नाही. त्या वर्षी गणपतीत माझ्याकडे मोदक झाले नव्हते, इथे नारळ कुठे मिळतो हेच मला ठाऊक नव्हतं. दारातच उभ्याने एक तोंडात टाकला आणि चावायचंच विसरले. तुला वाटलं घास अडकला. तू पाणी आणायला तुझ्या घरी धावलीस, माझं घर पाठीशीच उघडं असताना.

मग मी रोजच तुझ्याकडे. तू इथल्या थाई लोकांच्या लग्नाकार्यांना गोड पदार्थ करून द्यायचीस आणि तुझी मनगटं दुखत होती, म्हणून तुला हात हवे होते. मला घर सोडून कुठेतरी जायचं होतं. हूफ्डडॉर्पच्या टोकोतून, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानातून, आपण सायकलींवर सामान आणायचो. आंबेमोहोर तांदळासारखा वास असलेली ती लांब हिरवी पानं तू माझ्याच पिशवीत घालायचीस, आणि रस्ताभर मला वाटायचं कुणाकडे तरी भात शिजतोय. नारळाच्या घट्ट दुधात मीठ घालून ते गोडावर ओतायचं, हे मला पहिल्यांदा अघोरी वाटलं होतं. आता मीठ नसलेलं गोड मला अर्धवट वाटतं.

मी अंडं खात नाही म्हटलं तेव्हा तू काळजीने विचारलंस, "किती दिवस? डॉक्टरांनी सांगितलं?" मी म्हटलं, जन्मापासून, आमच्या घरात कुणीच खात नाही. तू बराच वेळ माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिलीस. त्यानंतर माझा वाटा नेहमी वेगळा निघायचा, आणि तू त्यावर उलटी वाटी झाकून ठेवायचीस. पण लग्नाचा मुख्य पदार्थ म्हणजे फॉय थाँग, सोन्याच्या तारा, आणि तो तर नुसत्या पिवळ्या बलकांचा. बलक फडक्यातून गाळायचे, बारीक भोकाच्या द्रोणातून उकळत्या पाकात गोल गोल धार सोडायची, तारा शिजल्या की काडीने उचलून जुडी घालायची. तार तुटता कामा नये, नवरा-बायकोचं आयुष्य तेवढं लांब व्हायचं असतं.

पहिल्या दिवशी पाक माझ्याकडे सोपवलास. मी आईच्या हाताखाली रव्याच्या लाडवांचे पाक केलेले, मला काय शिकवायचं? चिमटीत धरून तुला एकतारी पाक ऐटीत दाखवला. तू गॅस बारीक केलास आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यात भांडंभर पाणी ओतलंस. "मिठाई करतेस की गोंद?" मी घरी जाऊन रुसून बसले. दुसऱ्या दिवशी तू काहीच झालं नाही अशा थाटात द्रोण माझ्या हातात दिलास, आणि धार मात्र मला पहिल्याच झटक्यात जमली, कारण जिलब्या पाडलेला हात होता. तू कौतुक केलं नाहीस. नुसती स्टूल ओढून बसलीस, आणि मला कळलं की आता हे काम माझं.

चाखायचं कुणी, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत पदार्थ तोंडात घालत नाहीत, त्यामुळे न चाखता करायची मला सवयच होती. वास, रंग, बुडबुड्यांचा आवाज, एवढ्यावर मी करायचे. तू डोळे मिटून तुकडा जिभेवर ठेवायचीस. "अजून नाही," म्हणालीस की मी पाक सारखा करायचा. "लेक्कर," म्हणालीस की जुड्या डब्यात. तू म्हणायचीस, तू हात, मी जीभ, दोघी मिळून एक बाई. मग तुझं आजारपण आलं आणि ती एक बाई संपली. बाकीचे पदार्थ मी करत राहिले, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत माझ्या नारळाच्या वड्यांवर उड्या पडतात. फॉय थाँगचा द्रोण मात्र मी परत हातात घेतला नाही, कारण झालं की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं.

तुझी मुलगी गेल्या महिन्यात आली. तू गेलीस तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आता ब्रेडा शहरात नोकरी करते, आणि लग्न ठरलंय. लहानपणी तिने आपल्याला ओट्याशी फक्त पाठमोरं पाहिलं असणार. बाहेरून मागवलेलं फॉय थाँग तिला नको होतं. "आईचं हवं. टांटे, ते फक्त तुलाच येतं." टांटे म्हणजे इथली मावशी. मी हो म्हटलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती अंडी घेऊन आली, बलक वेगळे करत बसली, आणि मी इतक्या वर्षांनी धार सोडली. हात काही विसरला नव्हता. तारा एकसंध आल्या, रंग तोच आला. पहिली जुडी निवल्यावर तिने खाल्ली.

मग म्हणाली, "आईची चव आठवते, असं मी सगळ्यांना सांगते. मला आठवत नाही, टांटे. काहीच आठवत नाही." आणि दुसरी जुडी माझ्या तोंडापुढे धरली. "प्रूफ. आईसारखं झालंय का, तू सांग."

मी सांगू शकले असते की मी हे कधी खाल्लेलंच नाही. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग त्या पोरीला कळलं असतं की आईची चव जगात आता कुणाकडेच नाही, आणि तेही लग्नाच्या आदल्या दिवशी. मी तोंड उघडलं. पन्नाशीच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा अंडं खाल्लं, डोळे मिटून, कारण तू मिटायचीस. "गोड कणभर जास्त झालंय," मी म्हटलं, "पण आईचंच आहे." ती ओट्याला टेकून रडली, मग तोंड धुऊन उरलेल्या जुड्या डब्यात भरायला लागली.

हे मी मराठीत लिहितेय ते तिच्या हाती लागलं तरी तिला वाचता येऊ नये म्हणून. तिला जे सांगितलं त्यावर मी मरेपर्यंत ठाम राहीन. पण तुला सांगते, तुझी चव मला माहीत नव्हती, आणि आता ती कळायची सोयही नाही. आणि पा, मला ते फॉय थाँग आवडलं नाही. अजिबात आवडलं नाही. एवढं तुझ्या तोंडावर सांगायला तू हवी होतीस.