खालच्या वस्तीचे त्रेचाळीस

३ जून
नोकरी पक्की झाली. केंद्राच्या प्रमुख मॅडमनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी खुर्चीत बसलोसुद्धा. दोन वर्षांपूर्वी धरण फुटलं, त्यातून वाचलेल्या सहाशे लोकांच्या मेंदूचे फोटो इथे काढतात. झोप, आठवण, भीती यांचं पुढे काय झालं, ते पाहायचं. फोटो तपासणं माझ्याकडे. खोली गार, चहा बरा, सिस्टर गमती. म्हणाली, लग्नाच्या फोटोत हसायचं असतं, इथे शिंकसुद्धा गिळायची.

५ जून
कामाची पद्धत समजली. माणूस चाळीस मिनिटं यंत्राच्या बोगद्यात निपचित पडतो. कानांत एकेक आवाज सोडतात: गर्दी, पाणी, धोक्याचा भोंगा. त्या दिवशी जो आवाज काळजात बसला, तो ऐकला की मेंदूतला एक ठिपका उजळतो. डोकं जरा हललं तरी फोटो बिघडतो. मग मी ‘हलले’ या चौकटीत खूण करायची, की तो माणूस अभ्यासातून बाद. ही खूण पुन्हा कुणी तपासत नाही. मॅडम म्हणाल्या, विश्वासाचं काम आहे.

९ जून
आज धरणाखालच्या वस्तीतले त्रेचाळीस जण पाहिले. पाण्याच्या आवाजाला सगळ्यांचा ठिपका लख्ख. भोंग्याला काहीच नाही. बाकीच्या वस्त्यांत भोंग्यालाही उजळतो. म्हणजे यांनी त्या दिवशी भोंगा ऐकलाच नव्हता.
त्या वस्तीचा भोंगा माझ्या दादाच्या हातात होता. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. वीस तारखेला सकाळी अकराला त्याची चौकशी आहे, आणि आमचे निष्कर्ष तिथे दाखल होणार आहेत.

१० जून
दादाला फोन केला. वाजवला होतास ना, असं सरळच विचारलं. तो म्हणाला, माझं काही झालं तर वहिनीकडे आणि पोरांकडे बघ.
बाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं.
त्रेचाळीस खुणा केल्या. सहा मिनिटं लागली.

१२ जून
त्या वस्तीतल्या एक काकू आल्या होत्या. शिवणकाम करतात, यादीत क्रमांक सतरा. आपला फोटो कसा आला, हे विचारायला आल्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही हललात, फोटो बिघडला.
“मी हलले? तीन दिवस फांदीवर पालथी पडले होते, पोरीचं मनगट धरून. तिचा श्वास थांबला तरी हलले नाही. हलले असते तर पोर पुरायला तरी मिळाली असती का?”
जाताना दारात थांबल्या. आवाज अगदी मऊ होता.
“न हलणं काय असतं, ते तुला कळायला हवं, बाळा.”

१४ जून
डाव्या पायाची बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. औषध दिलं.

१६ जून
दोन्ही पाय गेले. घरीच आहे. डॉक्टर येऊन गेले, त्यांना कुठे काही दोष सापडत नाही. खिडकीतून समोरचा फूटपाथ दिसतो. काकू तिथे उभ्या आहेत. सकाळी दहापासून. पदरही हलत नाही.

१७ जून
कमरेपर्यंत. मॅडमनी तब्येत विचारायला फोन केला. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण दादा —
बरा आहे म्हणालो.

१८ जून
डावा हात गेला. फूटपाथ रिकामा. काकू खोलीत, स्टुलावर बसल्या आहेत. दार उघडलेलंच नाही. माफी मागितली. म्हणाल्या, माझी एकटीची मागून कसं चालेल? बाकीचे बेचाळीस जिन्यावर उभे आहेत.
जिन्यावर एवढी माणसं — आणि आवाज मात्र काही नाही —

१९ जून
दादाचा फोन. सकाळपासून त्याच्या डाव्या पायाची बोटं —
लगेच मॅडमना लावला. जीभ उचलेना. त्या हॅलो, हॅलो करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, सकाळी डॉक्टरांना घेऊन येते.
उजवा हात तेवढा राहिलाय.
काकू म्हणतात, सगळे त्रेचाळीस लिहून काढ, दादाचे पाय सोडते. एक जरी राहिला तरी नाही.
मॅडम, वही सापडली की वीस तारखेला अकराच्या आत चौकशीत पोचवा. हे लोक हलले नव्हते. खुणा मी केल्या. भोंगा वाजलाच नव्हता. क्रमांक —
१७, २२, ३१, ३८, ४०, ४४ —
काकू वाकून मोजतात —
५२, ५३ — करंगळी गेली —
६० — दादा, थांब जरा — ६१ —
६