ब्रेकमधली हवा

शनिवार, ३ फेब्रुवारी

नव्या घरात पाऊल टाकलं आणि तासाभरात प्रेमात पडलो. या वयात शोभत नाही, पण इलाज नव्हता. ती मागच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गोल डोळ्यांसारखे दिवे, रुंद नाक, बंपरवर गंजाच्या पुटकुळ्या, आणि दार लावलं की जुन्या लोखंडी कपाटासारखा भरदार आवाज.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. त्या म्हणाल्या, गाडी आमच्या ह्यांची, ते गेल्यापासून हललेली नाही. हलवता आली तर तुमचीच समजा, माझी तेवढीच अडगळ जाईल. मी हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. बातमीदाराला खात्री करून घ्यायची खोड असते.

संस्कृतात एम.ए. करून जन्मभर नळ फुटल्याच्या बातम्या दिल्या. त्या विद्येचा आज प्रथमच उपयोग झाला: गाडीचं नाव गजगामिनी ठेवलं. फोनवर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, अहो, गजगामिनी म्हणजे ढकलावी लागणार हे आलंच, आधी खिडक्यांची मापं घ्या, पडदे शिवायचेत. तिच्या शाळेतला निरोपसमारंभ आटोपला की अठरा तारखेला ती कायमची इकडे येते. स्टेशनवरून तिला याच गाडीतून आणायचं, हा माझा पण.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

कार्ब्युरेटर उघडला, त्यात तपकिरी चिकट थर होता. पेट्रोल आटलं की काकवीसारखा असाच राब होतो. धुतला, फुंकला, प्लग घासले, नवी बॅटरी लावली. इंजिन आधी खोकलं, मग शिंकलं आणि मग चक्क बोलायला लागलं. मी एकटाच टाळ्या वाजवत उभा. बाई वरून म्हणाल्या, बातमीदार, धूर माझ्या वाळवणावर येतोय.

अडलंय फक्त ब्रेकपाशी. पेडल हाताने दाबून पाहिलं, तर थेट तळाला टेकतं. नळ्यांत हवा शिरली आहे. ती काढायची म्हणजे दोन माणसं हवीत. एक सीटवर बसून पेडल दाबणार, दुसरा चाकापाशी आडवा पडून तिथलं बारकं निपल पान्याने सैल करणार. ऑइल येतं, त्याबरोबर बुडबुडे येतात. निपल पुन्हा घट्ट झाल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. म्हणून खालचा ओरडतो, दाब, धर, सोड. आणि ‘सोड’ ऐकू येईपर्यंत वरच्याने धरून बसायचं. व्याकरणात ज्याला द्विवचन म्हणतात, ते हेच काम.

आजवर वरचं काम बायकोच करत आली. तिचं म्हणणं, लग्नात सात पावलं चालले ती काय एका पायावर बसायला?

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे ‘सर्जन’ म्हणतात, तोही स्वतःला तसंच म्हणवतो. अर्धा तास त्याने आपल्या शस्त्रक्रिया ऐकवल्या. पत्ता सांगितला आणि त्याला एकाएकी फार कामं आठवली. गाडी इकडे ओढून आणा म्हणाला, मी तिथे येणार नाही. का, ते सांगेना. वर टोमणा: साहेब, तुम्ही शिकलेले, पुस्तकात बघून करा की.

ओढून न्यायची? प्रेयसीला हातगाडीवरून मिरवणारा मी नव्हे.

शनिवार, १० फेब्रुवारी

पुस्तकात एकट्याने हवा काढायची युक्ती दिली आहे, लांब नळी आणि बाटली घेऊन. ती जमेना. मागच्या डाव्या चाकापाशी पाठीवर पडलो होतो, कंटाळा आला, आणि सवयीने म्हणून गेलो, हं, दाब.

नळीतून ऑइल आलं. बुडबुड्यांसकट.

मी निपल घट्ट केलं. गंमत म्हणून म्हटलं, सोड. वर स्प्रिंगचा कुर्र आवाज झाला, पेडल वर येताना होतो तसा.

उठून पाहिलं. आत कोणी नाही. गॅरेजचं दार मी आतून लावलेलं.

साचलेला दाब, चिकटलेला मास्टर सिलिंडर, अशी दोन-तीन कारणं सुचली. ती इथे लिहितो आहे, कारण लिहिली की खरी वाटतात. मग पुन्हा आडवा झालो. दाब. धर. सोड. ते चाक संध्याकाळपर्यंत स्वच्छ झालं. वेळ चुकत नव्हती, कुरकुर नव्हती, पाय दुखतो म्हणून कोणी बोलत नव्हतं.

एवढं कळूनही मी काम थांबवलं नाही. ज्यांनी कधी जुनी गाडी बाळगली आहे, त्यांनाच हे समजेल.

रविवार, ११ फेब्रुवारी

सकाळी मागचं उजवं चाक झालं. मग पुढचं डावं काढलं. दाब, धर, असं म्हटलं आणि वरून बाईंची हाक आली, तुमचा फोन वाजतोय. बायको होती. पडद्यांना सुती कापड की जाडं, यावर बराच वेळ गेला. मग जेवलो. मग जरा आडवा झालो.

चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो, खिडकीतून आत पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं होतं. अजून. वर कोणाचाही पाय नसताना. आणि थरथरत होतं, खूप वेळ ताठ धरलेला पाय थरथरतो ना, तसं.

मी ‘सोड’ म्हणालोच नव्हतो.

निपल घट्ट केलं. तोंडातून आपोआप ‘सोडा’ निघालं. माफ करा, सोडा. पेडल सावकाश वर आलं. सीटवर हात ठेवून पाहिला. गरम होती.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

बाईंना विचारलं. मेथी निवडत बसल्यासारख्या त्या शांतपणे सांगत गेल्या. आमचे हे शब्दाला फार पक्के. धरा म्हटलं की जग बुडालं तरी धरणार. त्या दिवशी तो सर्जन खाली होता. ‘धरा’ म्हणाला, मग कोणी गिऱ्हाईक बोलवायला आलं म्हणून उठून गेला, आणि तिकडेच रमला. मी जेवायला हाका मारल्या. हे गॅरेजमधून ओरडले, अगं तो सोडा म्हणाला नाही अजून! मला राग आला, म्हटलं बसा तिथेच. दिवेलागणीला जाऊन पाहिलं तर गेलेले होते. पाय पेडलवर तसाच. चौघांना उचलावा लागला.

मग हसल्या आणि म्हणाल्या, काय बाई माणूस. डोळे पुसले नाहीत.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

तीन दिवस गॅरेजकडे फिरकलो नाही. फोनवर बायकोला म्हणालो, रिक्षाने आणतो तुला. ती म्हणाली, काय हो, मोडलं का प्रेम? मी हसलो.

पण पुढची दोन चाकं तशीच राहिली आहेत. रात्रभर तेच डोक्यात. आणि तो माणूस. अर्धं काम टाकून मीही उठून गेलोच ना, सर्जनसारखा?

शनिवार, १७ फेब्रुवारी, सकाळी

ठरलं. जाऊन काम पुरं करायचं, रीतसर सोडा म्हणायचं, हात जोडायचे. मग ते मोकळे आणि मीही.

दुपारी

पुढच्या डाव्या चाकाशी पडून ‘दाबा साहेब’ म्हणालो. काही नाही. पुन्हा म्हणालो. पेडल हललं नाही. सीट गार.

गेले वाटतं. इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. ब्रेक कितपत धरतोय पाहावं म्हणून सीटवर बसलो, दार ओढून घेतलं. पेडल दाबलं. मस्त. दगडासारखं घट्ट.

तेव्हा चाकाखालून कोणीतरी अगदी सभ्यपणे म्हणालं, धरा.

आणि मी धरलं. पंचवीस वर्षं हा शब्द खालून मीच म्हणत आलो, त्यावर काय करायचं ते पायाला पाठ. विचार नंतर आला—

पाय निघत नाही. दुखत नाही, जड नाही, फक्त माझ्या म्हणण्यात नाही. वही-पेन खिशात असतंच, म्हणून लिहितो आहे. दोन्ही दारांच्या कड्या ओढून पाहिल्या. फिरतात, पण उघडत काही नाही. हॉर्न वाजत नाही. बॅटरी तर नवी—

नंतर

खालून पान्याचा आवाज येतो आहे. नळीतले बुडबुडेही ऐकू येतात. संपतच नाहीत. ‘सोडा’ म्हणत नाही तो. मी ओरडलो, अहो साहेब, झालं, सोडा म्हणा. खालून उत्तर आलं, जरा धरा, अजून आहे.

आवाज माझा होता.

बाई आल्या होत्या, दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला. मी काचेवर मुठी आपटल्या. त्या चाकाकडे बघत म्हणाल्या, काय बातमीदार, उरकलं का? चाकाखालचा तो उठला, चेहराही माझाच, आणि त्याने काहीतरी थट्टा केली, मी करतो तशीच. त्या हसल्या. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, पाना अगदी ह्यांच्यासारखा धरता हो.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या गेल्या. तो पाना हातात धरून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत—

रविवार, १८

उजाडलं. भूक नाही, तहान नाही. हे सगळ्यात वाईट.

आठवून पाहिलं. बाईंचे यजमान गेले नव्हतेच, वाट बघत होते; मी पाय ठेवला तेव्हाच ते सुटले, माझं रूप घेऊन. म्हणजे दुसरा पाय आला की पहिला सुटतो. एवढाच नियम. कोणीतरी दाबून धरायला हवं. कोणीही.

कोणीही नको. देवा, आज ती—

रिक्षा थांबली. तिचाच आवाज. अहो, स्टेशनवर अर्धा तास उभी होते, तुम्हाला लाज कशी—

तो हात पुसत पुढे गेला. माझ्या तोंडाने माफी मागतो आहे. म्हणतो आहे, एवढं एक चाक राहिलं, तू जरा बसतेस का? ती म्हणते, आले नाही तोच लावलं कामाला. हसते आहे. पर्स खाली ठेवली. पदर खोचला.

माझ्याकडे बघून तिला रिकामी सीट दिसते आहे—

पान भरून मोठ्या अक्षरांत लिहिलं, बसू नकोस. काचेला लावलं. तिने काचेत बघून केस सारखे केले.

दार उघडलं. वारा आत आला. मी तिच्या हाताला धरलं, तिने डास बसल्यासारखा झटकला— बसू नकोस, अगं बसू— बसली, माझ्यातच बसली, तिच्या केसांचा वास— चप्पल काढते आहे— पाय उचलला—

आणि माझा पाय हलका होतो आहे. किती बरं वाटतं आहे, देवा, मला हे नको, पण किती बरं वा—