गुहेत न गेलेला सहावा माणूस

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
राष्ट्रीय उद्यान, गुहा विभाग.

विषय : बेपत्ता इसम घरी सुखरूप असल्याबाबत व गुहेच्या पहारेकऱ्यास कामावर परत घेण्याबाबत.
संदर्भ : 'बेपत्ता इसमाचे नातेवाईक' यांच्या नावे आलेले आपले दि. १० फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

१. दि. २ रोजी मी, मुलगी, जावई व दोन नातवंडे असे पाचजण आपल्या उद्यानातील गुहा पाहण्यास आत गेलो. माझे यजमानही सोबत आले होते; पण "वाकून चालणं आता माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही या बघून," असे म्हणून ते गाडीतच झोपले.

२. गुहेच्या तोंडाशी पहारेकऱ्याने नोंदवही पुढे केली. मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रौढ वर्गात लिहायला शिकले. पेन दिसले की हात पुढे होतो. वर्गात बाईंनी एकच फॉर्म चाळीस वेळा भरून घेतला होता, त्यात पहिली ओळ कुटुंबप्रमुखाची. हाताने सवयीने आधी यजमानांचे नाव लिहिले, मग आम्हा पाचांची, खाली पत्ता. पहारेकरी म्हणाला, "आजी, अक्षर झकास आहे हो!" त्या कौतुकात डोकी मोजायची राहिली, एवढाच त्याचा दोष. तोही माझ्यामुळे.

३. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, "सहावे कुठे?" चूक तेव्हाच माझ्या ध्यानात आली. पण जावई दहा पावलांवर बुटांचा चिखल झटकत होते. घरात ते मला "हेडबाई" म्हणतात. त्यांच्या कानावर जाईल म्हणून खरे बोलायला जीभ रेटेना. मी म्हणाले, "येतायत मागून." पहारेकऱ्याची पाठ फिरली की नाव खोडून टाकू, असा विचार होता. पण उद्यान बंद व्हायची वेळ झालेली. तो वही काखेत मारून, बॅटरी घेऊन तसाच आत धावला. जावयांनी हॉर्न वाजवला. मी गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर सहावा माणूस घोरत होता. गाडी सुटली. मी काही बोलले नाही.

४. आपले पत्र बेपत्ता इसमानेच दारात घेतले. त्यांना वाचता येत नाही. "बघ गं, काय आलंय," म्हणाले. मी वाचले आणि "लाइटचं बिल" असे सांगून शिवणाच्या डब्यात ठेवले. पहारेकरी घसरून त्याचा हात मोडला, तीन दिवस गुहा बंद ठेवून शोध घेतला, त्यास निलंबित केले व दि. २४ रोजी चौकशी आहे, हे सर्व त्यात होते. तरी पाच दिवस मी गप्प राहिले. अक्षरओळख नसती तर समजले नाही म्हणता आले असते. तीही सोय उरली नाही.

५. तरी पहारेकऱ्यास निर्दोष धरून कामावर घ्यावे. माझ्याबाबत 'अनवधानाने चूक' असे नोंदवू नये. नाव अनवधानाने लिहिले. गप्प जाणूनबुजून राहिले. चौकशीस मी बेपत्ता इसमासह हजर राहीन. आज घरच्यांना बसवून हा अर्ज इथवर मोठ्याने वाचून दाखवला. जावई हसले नाहीत; हसले असते तर बरे वाटले असते. यजमान एवढेच म्हणाले, "त्या बिचाऱ्याचा कोणता हात मोडला गं, उजवा का?" आपल्या पत्रात ते नमूद नाही. कृपया कळवावे.

आपली अपराधी,
(सही)
नोंदवहीतील दुसरे नाव
दि. १८ फेब्रुवारी

सोबत :
१) आपले पत्र.
२) बेपत्ता इसमाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, आजच घेतलेला.