चकचकीत फळे

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. ताई, मी आता खरंच थकले. शाळा एवढीशी, पण नळ गळला तरी मोठ्या बाई, पोराला ताप आला तरी मोठ्या बाई. वार्षिक परीक्षा संपली की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देते आणि तुझ्याकडे कायमची येते. तूही एकटी, मीही एकटी. एकमेकींशी भांडू तरी. इथे अजून कुणाला बोललेले नाही.

पालकांच्या सभेत मी भिंतींचे पोपडे दाखवले आणि वरून मंजुरी काही येत नाही म्हणाले. तर इस्त्रीवाला उठून म्हणाला, की पुढच्या रविवारी आम्हीच रंगवतो. एका मुलीचा बाप पेंटर आहे, तो सामान आणणार. सभेत सगळेच शूर असतात. येतील तेव्हा खरं.

माया आहेच तुझी, ती पत्रात जरा जास्त घालून पाठव.
धाकटी

१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तू येणार हे मी शेजारणीला सांगूनही टाकलं. रस्त्याकडची खोली तुझी. माझं शिवणयंत्र तिथून हलवलं. आता मागे फिरू नकोस.

लोक रंगवायला आले, तर त्यांच्यात लुडबुड करू नकोस. लहानपणी मी चित्र रंगवायला घेतलं की तू शेजारी बसून चुका काढायचीस. किल्ल्या दे आणि घरी जाऊन झोप.

तुझी वाट बघणारी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं ऐकलं आणि पस्तावले. रविवारी सगळे आले, मी किल्ल्या देऊन घरी जाऊन झोपले. सोमवारी बघते तर भिंती सुरेख. पण दुपारी पेंटर दुसऱ्या कामावर गेला आणि मागे राहिलेल्यांना फळे जुनाट दिसले. फाटकाचा काळा ऑइलपेंट उरला होता, तो त्यांनी फळ्यांना फासला. फळे असे चकचकीत, की खडू टेकवला की सटकतो. एक अक्षर उमटेना.

पोरांना सोडायला आलेल्या सगळ्यांना मी फाटकातच फैलावर घेतलं. असली मदत करण्यापेक्षा घरी बसा म्हणाले. भाजीवालीच्या बोटांना अजून काळा रंग होता. तिने हात पाठीमागे नेला. मला ते बघवलं नाही, पण बोलून तर बसले होते. आता पुन्हा कोण येतंय? अर्ज परीक्षेपर्यंत तरी कशाला थांबवायचा?

तुझीच,
धाकटी

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

काल रविवारी एखादा फळा आपणच घासावा म्हणून मी पॉलिश पेपर घेऊन निघाले, तर फाटकाशी सगळे माझ्याआधी हजर. भाजीवालीने माझ्या हातातला कागद घेतला, अर्धा फाडून परत दिला आणि विचारलं, की बाई, तुम्ही घासणार की नुसत्या ओरडणार. मी खाली बसून घासायला लागले. मध्येच सगळ्यांची माफीही मागितली, पण घासण्याच्या खरखरीत ती कुणाला नीट ऐकूच गेली नाही. एक फळा मात्र मुलांनी घासू दिला नाही. तो आता नळाजवळ टांगलाय; पोरं त्यात बघून भांग पाडतात.

काम संपल्यावर सगळे पायरीवर टेकले होते. मी जाणार, हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पेंटरने विचारलं, की पुढच्या वर्षी तुमच्या ऑफिसला कोणता रंग देऊ. आणि ताई, मी सांगून बसले. आईच्या स्वयंपाकघराचा फिका हिरवा. सांगून झाल्यावर कळलं, आपण काय बोललो ते.

थकवा आहे तसाच आहे. पण अर्ज आता माझ्याच्याने देववणार नाही.

रागाव, पण अबोला धरू नकोस.
धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आज जरा हात आखडून.

रागावले नाही, असं म्हणणार नाही. तुझं पत्र हातात घेऊन बराच वेळ तुझ्या खोलीत बसून होते. रंगाचा वास अजून गेलेला नाही तिथला. हो, गेल्याच आठवड्यात रंगवून घेतली. आईच्या स्वयंपाकघराचा फिका हिरवा. रंगाऱ्याला तो समजावताना माझ्या नाकी नऊ आले. तुझ्या पेंटरचंही तेच होईल.

शिवणयंत्र काही मी परत तिथे नेणार नाही. सुट्टी लागली की ये. खोलीत शिरलीस की ऑफिसात आल्यासारखं वाटेल, पण म्हणून लवकर निघायची घाई करू नकोस.

तुझी,
ताई